दोन तारांच्या गल्लीतला लेथ

कामं लिहून काढायची सवय मला माहेरपासूनची. आमची शेती तापीकाठी होती. कापूस वेचायला कोण आलं, कोण आलं नाही, विळा कुणाकडे राहिला, हे सगळं वडील माझ्याकडून लिहून घेत. लग्न होऊन बुऱ्हाणपुरात, सिंधीपुऱ्यात आले आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाने लिहायला लागले. सासूबाई सुरुवातीला चिडल्या. मग शेजारणींना सांगायला लागल्या, "आमच्या सूनबाईच्या घरात मांजराला दूध प्यायचं असलं तरी आधी भिंतीवर नाव बघून यावं लागतं." त्यात राग कमी आणि मिरवणं जास्त होतं, हे मला कळत होतं.

या सवयीमुळेच लढाईच्या दिवसांत आमच्या मागच्या अंगणात जे उभं राहिलं, ते मी अजून पायरीपायरीने सांगू शकते. आता गल्लीत तीन तारांची वीज आली आहे. नेपानगरला कागदाची मोठी गिरणी उभी राहिली आहे. नव्या मुलांना वाटतं, खटका दाबला की मशीन फिरतंच. आमचं फिरत नव्हतं. आम्ही ते फिरवलं.

माझे यजमान कापडगिरणीत फिटर होते. हात चांगला होता, पण वरच्या माणसाचं ऐकून घ्यायची सवय नव्हती. गिरणी सोडून त्यांनी घरामागे पत्र्याची शेड घातली, लोखंड कातायचा एक जुना लेथ आणि एक ऑईल इंजिन आणलं. सरकी काढणाऱ्या जिनिंग फॅक्टऱ्यांचे रोलरचे दांडे, केळीच्या मळ्यांवरच्या पंपांचे भाग, बैलगाडीचे आख, जे येईल ते दुरुस्त व्हायचं. धूलकोटकडून माणसं गाडीत लोखंड घालून यायची आणि काम होईपर्यंत आमच्या ओट्यावर बसायची. चहा मीच द्यायचे, आणि कुणाचं काम आधी आलं हे भिंतीवरून मीच सांगायचे. त्यामुळे भांडणं झाली नाहीत.

मग लढाई लागली. तेल परमिटवर गेलं, परमिट आटत गेलं, आणि एक दिवस इंजिन उभंच राहिलं. त्याच सुमारास स्टेशनजवळची एक जिनिंग फॅक्टरी बंद पडून तिच्या दुरुस्तीखान्याचा लिलाव निघाला. स्वतःची मोटार असलेला मोठा लेथ, स्वतःची मोटार असलेलं ड्रिल, आणि विहिरीच्या पंपाची एक भलीमोठी मोटार. विजेवर चालणारं सामान, म्हणजे तेलाची कटकट मिटली. यजमानांनी जुना लेथ आणि इंजिन विकून ते सगळं घेतलं. वीजघरातून तोंडी होकारही मिळाला होता.

अडचण एकच होती. या तिन्ही मोटारी तीन तारांवर चालणाऱ्या. मुख्य रस्त्यावरून तीन तारा जात, पण आमच्या गल्लीत घरांच्या दिव्यांपुरत्या दोनच ओढलेल्या. तिसरी तार गल्लीत आणायची तर तांबं हवं. वीजघराच्या कारकुनाने अर्ज परत केला आणि म्हणाला, "तांबं सगळं लढाईला गेलंय, मिस्त्री. लढाई संपली की या."

लढाई कधी संपणार हे त्यालाही ठाऊक नव्हतं. जबलपूरच्या तोफांच्या कारखान्यात मात्र फिटर हवे होते आणि तिथून बोलावणंही आलं होतं. तिथे माणसाला राहायला जागा होती, कुटुंबाला नव्हती. मी पत्र्याची पेटी काढली आणि भरायला घेतली. दोन धोतरं, स्वेटर, दाढीचं सामान, लोणच्याची बरणी कापडात बांधून. ती पेटी दाराशी ठेवली. बसायला आलेला प्रत्येक माणूस आधी पेटीकडे बघायचा आणि मग माझ्याकडे. दिवाळीपर्यंत शेडमधली मशीनं चालली तर पेटी रिकामी करायची, नाहीतर ती जबलपूरच्या गाडीत चढवायची, असं आमचं ठरलं. दिवाळीनंतर कापूस येतो. तेव्हा जिनिंगवाल्यांना थांबायला वेळ नसतो, आणि जो त्या वेळी दार उघडं ठेवतो त्याच्याकडेच ते पुढे वर्षभर येतात.

एका सकाळी जेवता जेवता यजमान मध्येच थांबले.

"गिरणीत एकदा एका तारेचा फ्यूज गेला होता," ते म्हणाले. "मोटार थांबली नाही. गुरगुरत होती, पण दोन तारांवर चालत राहिली. संध्याकाळी बंद केली, ती मग काही केल्या सुरूच होईना."

"म्हणजे चालती मोटार चालते, थांबलेली उठत नाही," मी म्हटलं.

"हो."

"मग उठवून द्यायची."

त्यांनी ताट तसंच सोडलं. मला राग आला होता, पण मी ते झाकून ठेवलं.

आधी त्यांनी मोटारींची झाकणं उघडली. मोटारी जास्त दाबाच्या होत्या. आतल्या जोडण्या बदलून त्यांनी त्या गल्लीतल्या विजेच्या दाबाला आणल्या. मग मोठ्या मोटारीला गल्लीच्या दोन तारा जोडल्या आणि तिसऱ्या जागी एक बल्ब लावून ठेवला. खटका दाबला. मोटार नुसती हुं हुं करत बसली. खटका बंद केला, पुलीवर दोरी गुंडाळली, जोर लावून ओढली, मोटार वेगात आली आणि त्या वेगातच पुन्हा खटका दाबला. मोटारीने एक हिसका घेतला आणि चालू लागली.

आणि तो बल्ब पेटला. त्या टोकाला वीजघराची एकही तार जोडलेली नव्हती. ती वीज फिरत्या मोटारीच्या पोटातून येत होती. यजमानांनी बल्बकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हसून म्हणाले, "ही घे तुझी तिसरी तार."

मोठी मोटार आता काही काम करणार नव्हती. तिने नुसतं फिरायचं आणि तिसरी तार तयार करायची. लेथ आणि ड्रिल त्या तिन्ही तारांवर चालणार. त्यांनी मला जमिनीवर खडूने काढून दाखवलं, आणि मी ते तसंच्या तसं शेडच्या भिंतीवर उतरवलं.

दोरी ओढायचा प्रश्न उरला. यजमान दोरी ओढून खटक्यापाशी पोचेपर्यंत बहुतेक वेळा मोटारीचा वेग उतरायचा. कोणीतरी दुसऱ्याने ओढायला हवी होती. सासूबाई पदर खोचून पुढे आल्या.

"दोरी ओढणं मला शिकवू नका. जन्मभर ताक केलंय मी."

त्यांनी पुलीवर दोरीचे वेढे दिले, दोन्ही टोकं दोन हातांत धरली आणि रवी घुसळतात तशी मोटार घुसळायला लागल्या. एकदा हे टोक, एकदा ते टोक. पुली इकडे अर्धी फिरे, तिकडे अर्धी फिरे. तेवढ्यात यजमानांनी खटका दाबला. मोटार जागच्या जागी थरथरली, मोठ्याने ओरडली आणि फ्यूज उडाला. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "अरे, बत्ती गेली!"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "लोणी नाही आलं."

आम्ही तिघंही खाली बसून हसलो. त्या दिवसांत घरात हसण्यासारखं फार काही नव्हतं, म्हणून ते लक्षात आहे. मग मी त्यांना समजावलं की हिला एकाच बाजूने, एकाच ओढीत, शेवटपर्यंत ओढून सोडून द्यायचं. परत आणायचं नाही. त्यांना ते फार विचित्र वाटलं. "सोडून द्यायचं? मग हातात काय राहिलं?" पण हात तयार होते. चार सकाळींत त्यांना ते जमलं. जड असल्यामुळे ओढायला मीही त्यांच्या मागे उभी राहायचे. पुलीत एक खिळा होता, त्याला दोरीची गाठ अडकवायची, वेढे द्यायचे, आणि दोघींनी अंगणाकडे धावत सुटायचं.

दिशेचाही नियम ठरवावा लागला. मोठी मोटार ज्या बाजूने ओढावी त्या बाजूने फिरायची, आणि ती उलटी फिरली तर तिची तिसरी तारही उलटी बोलायची. मग लेथसुद्धा उलटा. लेथचा चक, म्हणजे काम पकडणारा लोखंडी पंजा, आट्यांवर बसवलेला असतो. सुलट फिरताना तो घट्ट होत जातो, उलट फिरताना सैल होतो. फिरता चक निसटला तर शेडचा पत्रा फाडून जाईल. यजमान सासूबाईंना म्हणाले, "घड्याळाच्या काट्यासारखी फिरली पाहिजे."

"मला घड्याळ नको सांगू. प्रदक्षिणेसारखी म्हण ना."

मी भिंतीवर लिहिलं: दोरी प्रदक्षिणेने. त्याच्याखाली बाकीचं. पूर्ण वेग आल्यावरच खटका. मग लेथ, पण मोकळा. मग ड्रिल. मग काम. हा क्रम कुणी मोडायचा नाही, यजमानांनीसुद्धा नाही.

लेथ चालला. ज्या दिवशी पहिल्या दांड्यावरून लोखंडाची लांब, निळसर झाक असलेली साल कुरळी होत खाली पडली, त्या दिवशी मी ती उचलून देवघरात ठेवली. पेटी मात्र अजून दाराशीच होती, कारण आता वेगळीच अडचण आली.

आमच्या अंगणाला लागून कलाबत्तूवाल्या शेठजींची कामाची खोली होती. मध्ये एक भिंत आणि भिंतीत एक गजांची खिडकी. त्या खोलीत बायका रेशमाच्या धाग्यावर सोनेरी तार गुंडाळायच्या. तार केसाहून बारीक, आणि खोली अंधारी, म्हणून दिवसाही दिवा. आमची मोटार खटक्यावर येताना तो दिवा मंद व्हायचा. त्या क्षणी कुणाचा ना कुणाचा हात चुकायचा आणि तार तुटायची.

शेठजी खिडकीतून म्हणाले, "वहिनी, तुमची मोटार लोखंड कापून राहिली का माझी रोशनी?"

"शेठजी, दोन दिवस द्या. जमवतो आम्ही."

"दोन दिवस तुम्ही मागच्या हप्त्यात पण मागितले होते. मी आता वीजघरात जाऊन येतो. नाराज नका होऊ."

नाराज व्हायला जागाच नव्हती. त्यांचं बरोबर होतं.

वीजघराचे इंजिनिअर आले ते दुसऱ्या आठवड्यात. नागपूरकडचे, वयाने यजमानांपेक्षा लहान, चष्म्याचे. मोठी मोटार नुसतीच फिरते आहे आणि लेथ काम करतो आहे हे बघून त्यांनी चष्मा काढून पुसला.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला करायला?"

"कोणी नाही," यजमान म्हणाले.

"नियमात असं कनेक्शन कुठे बसत नाही. तक्रार आहे. मला तोडावं लागेल."

मी पुढे झाले. "साहेब, तक्रार दिव्याची आहे ना? दिवा हलला नाही, तर तक्रार कशाची?"

त्यांनी माझ्याकडे आणि मग भिंतीवरच्या क्रमाकडे बघितलं. त्यांनी तो सगळा वाचला. वाचून झाल्यावर आवाज जरा खाली आला.

"ठीक आहे. दिवाळीआधी मी परत येईन, दिवेलागणीला, सगळ्या गल्लीचे दिवे लागलेले असताना. शेठजींच्या खोलीत बसेन. तुम्ही सगळं सुरू करायचं, लेथवर काम घ्यायचं. दिवा मंद झाला तर त्याच वेळी तार काढून नेईन. आणि ही पुली अशी वाटेवर उघडी नको. कुणाचा पदर गेला तर? मोटार फिरवून पुली भिंतीकडे करा."

ते अंगणातून गेले. यजमानांनी दाराशी असलेल्या पेटीवर बसून बूट चढवले.

त्या दिवसांत आम्ही दिव्यावर काम केलं. रोग कुठे होता ते मीच शोधलं, कारण मी खिडकीपाशी उभी राहून शेठजींचा दिवा बघत होते आणि यजमान मोटारीचा आवाज ऐकत होते. खटका लवकर दाबला की दिवा बसायचा. मोटार पुऱ्या वेगात असताना दाबला की जेमतेम लवायचा. म्हणजे घाई हाच रोग. आम्ही दोरी लांब केली, म्हणजे ओढ जास्त वेळ चालेल. खटक्याचा इशारा सासूबाईंकडे दिला. दोरी हातातून सुटताना त्या "हां!" म्हणत, आणि त्या "हां" वरच खटका पडायचा. शेजारच्या बायका खिडकीतून आधी हसायच्या, मग त्याही आमच्याबरोबर "हां" म्हणायला लागल्या. लेथची मोटार सुरू करताना त्याचा पट्टा आधी सैल ठेवायचा हेही तेव्हाच ठरलं.

पुली भिंतीकडे करायचं काम मी मुद्दाम शेवटाला ठेवलं, म्हणजे हातातली कामं पुरी होतील. मोटार उचलून अर्धी फिरवली, बोल्ट नव्या जागी सिमेंटात बसवले आणि सिमेंट वाळायला दोन दिवस तसंच सोडलं. ते दोन दिवस संपले त्याच संध्याकाळी साहेब आले.

टांगा दाराशी थांबवूनच ठेवला होता. त्यांना खंडव्याची गाडी पकडायची होती. ते शेठजींच्या खोलीत जाऊन बसले. खिडकीतून मला त्यांचा चष्मा आणि वर टांगलेला दिवा एवढंच दिसत होतं. बायका आपापल्या जागी, हातात धागे. गल्लीतले दिवे एकेक करून लागले.

"होऊ द्या," खिडकीतून आवाज आला.

सासूबाईंनी दोरी घेतली. पुली आता पलीकडे, भिंतीच्या बाजूला होती, म्हणून त्या मोटारीच्या अलीकडून वाकल्या, हात पलीकडे घातला आणि वेढे दिले. तोंडाने मुद्दाम म्हणत होत्या, "प्रदक्षिणेने, प्रदक्षिणेने." मी दोरी धरली. दोघी धावलो. "हां!" खटका पडला, मोटारीने आवाज धरला. खिडकीतला दिवा जागचा हलला नाही. मी तेलाची बुधली घेऊन लेथपाशी गेले. यजमानांनी लेथ सुरू केला आणि पट्टा हळूहळू चढवला. चक फिरायला लागला.

चकाचा वरचा भाग नेहमी माझ्याकडे येतो. त्या संध्याकाळी तो माझ्यापासून लांब पळत होता.

"बंद! बंद करा!"

यजमानांनी हात हत्यारावर ठेवलाच होता. त्यांनी तो तसाच उचलून खटक्यावर मारला. चक थांबला. मी हात लावून बघितला, तो हातानेच सुटेल इतका सैल झाला होता. हत्यार लोखंडाला लागलं असतं तर गेलाच असता.

खिडकीतून शेठजींचा आवाज आला. "काय वहिनी, आरती इतक्यात आटपली?"

साहेब उठून आमच्या अंगणात आले. "काय झालं? दिवा तर ठीक होता."

"लेथ उलटा फिरला," यजमान म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "तारा बदलल्या असतील माझ्या हातून." त्यांनी पेचकस काढला आणि मोटारीचं झाकण उघडायला बसले.

"मिस्त्री, मला गाडी आहे. आज राहू द्या."

आज राहू द्या म्हणजे दिवाळीआधी होकार नाही, म्हणजे जबलपूर, हे आम्हा तिघांना कळत होतं. मला वाटतं साहेबांनाही कळत होतं. ते टांग्याकडे बघत उभे होते. मी भिंतीवरचा क्रम वरून खाली वाचला. दोरी, वेग, खटका, लेथ. सगळं झालं होतं, जसंच्या तसं. कुणी काही मोडलं नव्हतं. मग भिंतीवर नसलेलं असं काय बदललं? फक्त मोटारीची जागा.

"झाकण राहू द्या," मी यजमानांना म्हटलं. "आई, तुम्ही जरा पलीकडे जा. भिंत आणि पुलीच्या मध्ये. तिथून बघा, दोरी कुठून कुठे गुंडाळली होती."

सासूबाई अंग चोरून त्या फटीत शिरल्या. पुलीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. हवेत बोट फिरवून बघितलं. मग परत फिरवलं.

"अगं बाई! इकडून तर ती उलटी प्रदक्षिणा होते!"

"म्हणजे?" साहेब म्हणाले.

"म्हणजे काय, देवळात देवाच्या समोरून निघालं काय आणि मागून निघालं काय, प्रदक्षिणा तीच. पण ही उभी प्रदक्षिणा आहे, साहेब. हिला कोणत्या अंगाने बघावं त्यावर आहे सगळं."

यजमानांनी पेचकस खिशात टाकला. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. साहेब मात्र अजून बोट हवेत फिरवून बघत होते, आधी एकीकडून, मग दुसरीकडून. इंजिनिअर माणूस, पण तोही दोनदा फिरवूनच समजला, आणि समजल्यावर मोकळेपणाने हसला.

"टांगेवाल्याला थांब म्हणा," ते म्हणाले आणि खोलीत परत जाऊन बसले.

चक पुन्हा घट्ट केला. सासूबाई त्या फटीतच उभ्या राहिल्या. दोरी तिथूनच, पुलीकडे बघत गुंडाळली, आणि टोक माझ्या हातात दिलं. या खेपेला मी एकटीने ओढायची होती, कारण त्यांना तिथून धावता येणार नव्हतं. मी दोरी दोन्ही हातांना वळसा देऊन धरली आणि अंगणभर अशी पळाले की पायरीवर आपटले. "हां!" खिडकीतल्या बायकाही एकदम "हां!" म्हणाल्या. खटका पडला. मी पायरीवरूनच लेथकडे बघितलं. चकाचा वरचा भाग माझ्याकडे येत होता. यजमानांनी हत्यार लावलं, लोखंडाने सूर धरला, साल सुटायला लागली. ड्रिल सुरू झालं. शेडमध्ये तिन्ही मोटारी चालू होत्या, दोन तारांवर.

मग खिडकीतून साहेबांचा आवाज आला, "शेठजी, तक्रार तुमची. तुम्ही सांगा. दिवा हलला?"

शेठजी उगाच नाही म्हणणाऱ्यातले नव्हते, आणि हो म्हणणाऱ्यातलेही नव्हते. त्यांनी आधी बायकांच्या हातांकडे बघितलं, एकेकीच्या. मग म्हणाले, "साहेब, पापणी लवली एकदा. तार कोणाची नाही तुटली. लिहून टाका."

साहेब अंगणात येऊन ड्रिलच्या टेबलावर कागद ठेवून लिहायला लागले. मध्येच थांबले.

"इथे रकाना आहे, वीज कोणत्या प्रकारची. दोन तारा तर आम्ही देतो. ही तिसरी कुठून आणली म्हणून लिहू?"

सासूबाई फटीतून बाहेर येत पदराने घाम पुसत होत्या. "घुसळून काढली म्हणून लिहा."

त्यांनी खरं काय लिहिलं ते मी बघितलं नाही. पण टांग्यात बसताना ते अजून हसत होते, आणि तार त्यांनी काढून नेली नाही. गाडी त्यांना मिळाली असावी.

त्या संध्याकाळी शेठजींकडून माव्याची जिलबी आली. बरोबर निरोप होता की कलाबत्तू ओढायचं त्यांचं चाक हाताने फिरतं, त्याला ही तिसरी तार खिडकीतून देता येईल का, ते वहिनींना विचारा. मी निरोप आणणाऱ्याला म्हटलं, "दिवाळीनंतर. आधी जिनिंगवाल्यांची कामं आहेत. पण नाव लिहून ठेवते." आणि कोळसा घेऊन तिथेच लिहिलं. पुढे ते चाक आम्ही चालवलं. आमची मोटार सुरू व्हायची वेळ झाली की त्यांच्याकडच्या बायकाच "हां" ची तयारी करून बसायच्या.

त्या मोसमात आमच्या शेडचं दार एक दिवसही बंद राहिलं नाही. परदेशातून येणारे भाग लढाईमुळे बंद झाले होते, ते आमच्या लेथवर झाले. जिनिंगचे रोलर आमच्या दांड्यांवर फिरले. नंतर बऱ्याच जणांनी येऊन बघितलं, विचारलं, आणि दुसऱ्या गल्ल्यांतही दोरी ओढणारी माणसं तयार झाली. कोणी विचारलं की मी आधी एकच गोष्ट सांगायचे: पुली ज्या बाजूला आहे, त्या बाजूला उभं राहून बघा. सासूबाईंनी तर मोटारीच्या अंगावर शेंदराने बाण काढला, म्हणजे कुठूनही बघितलं तरी दिशा तीच दिसेल. खंडेनवमीला पूजेत तो बाण दर वर्षी नव्याने काढला जातो. आता तो मी काढते.

साहेब आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी दारातून आत ओढली. धोतरं फडताळात ठेवली, स्वेटर खुंटीला लावला, लोणच्याची बरणी चुलीमागे परत गेली. यजमान शेडमध्ये होते. दुपारी तेच पेटी उचलून शेडमध्ये घेऊन गेले. मोठ्या मोटारीच्या शेजारी, भिंतीला लावून ठेवली, आणि दोरीची गुंडाळी करून तिच्यात टाकली. गल्लीत तीन तारा आल्या, तरी पेटी तिथेच आहे आणि दोरी तिच्यात आहे.